तीन नंबरचं दार

रात्री पावणेदोनला मी उदबत्ती लावली
फुरसुंगीच्या शीतगृहात, तीन नंबरच्या दाराशी.
अन्सार हमाल म्हणाला, "खासनीस मॅडम, पूजा?"
म्हटलं, नाही रे, चोर शोधतेय.

धूर खाली उंबऱ्यापाशी माझ्या बुटांवर ढकलला गेला,
वर चौकटीच्या कोपऱ्यात मात्र
वाकला, आणि आत शिरला,
घरचाच असल्यासारखा.
करंगळी जाईल एवढी फट.
थंड हवा जड, ती खालून निसटते,
बाहेरचा एप्रिल वरून आत येतो
आणि कॉइलवर बर्फ होऊन बसतो
जाड, पांढरा, निरुद्योगी.

झुबेरशेठ महिनाभर नव्या कॉम्प्रेसरचं बोलत होते,
चाळीस लाखांचा, जर्मन.
महावितरणचं बिल त्यांनी घडी घालून
खिशात ठेवलं होतं, पित्याच्या छातीच्या एक्स-रेसारखं,
मधूनमधून काढून उजेडाकडे धरत.
मी म्हटलं, आधी दाराची रबर बदलू.
बावीसशे रुपये.
ते माझ्याकडे असे बघत राहिले
जणू मी त्यांच्या दुखण्याचा अपमान केला.

दुखणी आणखीही होती.
क्रेट लावून उघडं ठेवलेलं दार,
कारण हात मोकळे नसतात. (त्याला माझ्याकडे उत्तर नाही.
प्लॅस्टिकचे पडदे लावले, ते अन्सारच्या कानाला चिकटतात.)
बर्फ असो-नसो, दर सहा तासांनी
आपोआप तापणारी कॉइल,
गजर लावून झोपेतून उठून पाणी पिणाऱ्या माणसासारखी.
आणि लहूचा टेम्पो,
कॅम्पातल्या मार्केटमागच्या गल्लीत
तासभर घुरघुरत उभा, नुसता गारवा धरून ठेवायला,
डिझेल जाळत, पलीकडच्या शिंप्याच्या दुकानात धूर सोडत.
त्याच्या टपाखाली आता खाऱ्या पाण्याच्या पाट्या बसवल्या.
त्या रात्री गोठतात, स्वस्तातल्या विजेवर,
आणि सकाळी गल्लीत इंजिन बंद.
शिंपी पहिल्या दिवशी बाहेर येऊन विचारून गेला,
"बिघडली का गाडी?"

थंडी नावाची वस्तू नसते, हे औंधच्या आयटीआयमध्ये
सर फळ्यावर लिहायचे आणि मी उतरवून घ्यायचे.
असते ती ऊब, आणि ती नुसती हलवायची असते,
इथून तिथे.
पहाटे कत्तलखान्यातून बोकड येतो
तेव्हा मांडीच्या आत, हाडाजवळ,
अजून तीसच्या वर असतो.
मी तिथे सुई टोचून आकडा लिहिते.
तो आकडा तारेतून, नळीतून, गॅसमधून
छपरावर जायचा, आणि पंखा तो
हडपसरच्या आधीच तापलेल्या रात्रीवर फेकून द्यायचा.
वीस वर्षं फेकला.

गेल्या महिन्यात ती नळी वळवली,
पाण्याच्या टाकीतून नेली.
आता क्रेट गरम पाण्याने धुतले जातात,
आणि पाळी संपल्यावर अन्सार
मोरीत बादलीभर अंघोळ करतो,
जोरजोरात, शिट्टी वाजवत.
वाफ दाराबाहेर येते.
मी तिच्यात चष्मा पुसत उभी राहते,
काही म्हणावंसं वाटतं, म्हणत नाही.

बिल आलं. अठरा टक्के कमी.
झुबेरशेठ म्हणाले, "मीटर बघून घ्या जरा."

आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य.
आई नातेवाइकांना सांगते, मुलगी कूलिंगमध्ये आहे,
आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकते.
सदाशिव पेठेत पोचले तेव्हा दूधवाला येऊन गेला होता.
तिने स्वेटर हातात घेतला, नाकाशी नेला.
उदबत्तीचा पुडा देवघरातून मीच उचलला होता.
"देवळात गेली होतीस?"
म्हटलं, दारापर्यंत.